बुटाचा नंबर सोडा, भोकं मोजा : लेसच्या लांबीवर वाचकांचे प्रश्न

या वेळचं टपाल उघडलं तर निम्मी पत्रं बुटाच्या लेसवर. तसं नवल काही नाही म्हणा, आपल्याकडे विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी, तेव्हाच पहिला पाऊस होऊन रस्त्याचा गारा झालेला असतो, आणि त्याच रस्त्यावर पोलीस भरतीवाले पोट्टे पहाटे पाचला धावून राहिले असतात. बूट वर्षभर टिकतो, लेस मात्र ऐन गरजेच्या दिवशी तुटते आणि मग बाजारात जाऊन काय मागायचं तेच कोणाले माहीत नसते. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात, यावेळी फक्त लेस.

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे, शाळेचा काळा बूट, नंबर 13. आठवडी बाजारात लेस मागितली तर दुकानदार म्हणते कितीची देऊ, 60 ची का 90 ची? मी म्हटलं 13 नंबरच्या बुटाची द्या तर तो हसूनच राहिला. शेवटी 90 ची आणली, आता ती पोराच्या पायात येते आणि तो दिवसातून दोनदा पडते. नेमकी किती लांब घ्यायची असते?
— एक आई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, हसायला नको होतं त्याने, पण म्हणणं त्याचं बरोबर होतं. बुटाचा नंबर म्हणजे पायाची लांबी, टाचेपासून बोटापर्यंत. लेसचा आणि त्या लांबीचा संबंध फार थोडा, लेस तर वरच्या वर इकडून तिकडे फिरते. म्हणून नंबर विसरा आणि बुटाच्या एका बाजूची भोकं मोजा, दोन्ही बाजूंची नाही, एकाच बाजूची.

एका बाजूला 3 भोकं असली तर 60 ते 75 सेंटीमीटर, 4 असली तर 75 ते 90, 5 असली तर 90 ते 105, 6 ला 110 ते 120, 7 ला 120 ते 130 आणि घोट्याच्या वर जाणारा 8 भोकांचा बूट असेल तर 140 ते 150. लहान लेकरांच्या बुटात भोकं जवळजवळ असतात आणि बूटही अरुंद असतो, म्हणून त्यांच्यासाठी नेहमी खालचा आकडा धरायचा. तुमच्या मुलाच्या बुटाला बहुतेक 3 भोकं असतील, मग 60 ची बस झाली, 4 असतील तर 75.

पाकिटावरचा आकडा एका लेसचा असतो, प्लास्टिकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन्ही मिळून नाही. काही पाकिटांवर इंचात लिहिलेलं असते तेव्हा घोळ होते, तर 27 इंच म्हणजे साधारण 69 सेंटीमीटर, 36 म्हणजे 91, 45 म्हणजे 114 आणि 54 म्हणजे 137, एवढं लक्षात ठेवलं तरी बाजारात काम भागते. आणि जिथे पाकीटच नाही, नुसता लेसचा झुपका टांगलेला आहे, तिथे जुनी लेस सोबत न्या. तुटलेली असली तर दोन्ही तुकडे न्या, टोकाला टोक लावून मोजता येते.

पण जुनी लेस तरी बरोबर होती कशावरून? त्याची परीक्षा अशी. बूट पायात घालून लेस नीट ओढायची, बो बांधायचा नाही, आणि सगळ्यात वरच्या भोकातून बाहेर आलेली लेस किती उरली ते बघायचं. प्रत्येक बाजूला एक वीत आणि वर चार बोटं उरली तर लेस बरोबर. मोठ्या माणसाच्या हातानं हे 25 ते 28 सेंटीमीटर भरते. लेकराच्या बुटाला लेकराचीच वीत लावा, तुमची नाही, कारण बो त्याले बांधायचा आहे आणि त्याच्या हाताला 20 सेंटीमीटर भरपूर होते. घरात आणलेली 90 ची लेस फेकू नका, ती कापता कशी येते ते खाली सेफ्टी बुटाच्या उत्तरात आहे.

प्रश्न : भाऊ, मी पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. 1600 मीटरमध्ये तिसऱ्या-चौथ्या राऊंडले उजव्या बुटाची लेस सुटतेच सुटते. मित्र म्हणते लांब लेस घे म्हणजे डबल गाठ मारता येईल. बुटाला 6 भोकं हायेत आणि वर घोट्याजवळ एक आणखी भोक हाय ज्याच्यात मी काही घालत नाही. 140 ची घेऊ का?
— भरतीवाला, ता. पुसद

उत्तर : नको घेऊ. लांब लेसनं तुझं दुखणं कमी नाही, वाढेल.

आधी गाठ बघ. बूट बांधून उभा राहा आणि वरून खाली पाहा, ‘बो’चे दोन कान बुटाला आडवे पडले आहेत का, म्हणजे एक डावीकडे एक उजवीकडे? तसे असतील तर गाठ बरोबर. पण कान तिरपे होऊन एक बोटांकडे आणि एक घोट्याकडे वळत असेल तर तुझी गाठ उलटी बसते, आणि उलटी गाठ सरळ गाठीपेक्षा लवकर सुटते, कितीही आवळ. उपाय फुकटचा आहे. सुरुवातीला जी पहिली साधी अढी मारतो ना, त्यात तू डावी लेस उजवीवरून नेत असशील तर आता उजवी डावीवरून ने, पुढचा बो नेहमीसारखाच बांध. हाताला आठ-दहा दिवस ते उलटं वाटेल.

आता लांबी कुठे आली यात, तर ऐक. 2017 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या इंजिनिअर लोकांनी धावणाऱ्या माणसाच्या बुटाचं हाय-स्पीड कॅमेऱ्यानं शूटिंग केलं आणि लेस सुटते कशी ते शोधलं. पाय जमिनीवर आपटला की गुरुत्वाकर्षणाच्या सातपट धक्का बसते, त्यानं गाठ आतून ढिली होते, आणि पाय पुढे-मागे झोकला की लेसची सुटी टोकं झटक्यानं बाहेर ओढल्या जातात, जसं काही कोणी हातानं ओढून राहिलं. दोन्ही एकत्र झालं की इतका वेळ ठीक असलेली गाठ दोन-चार पावलांत पूर्ण मोकळी. त्यांनी सुट्या टोकांना थोडं वजन लावून बघितलं तर गाठी आणखी जास्त सुटल्या. म्हणजे लोंबणारी लांब टोकं तुझ्या फायद्याची नाहीत. भरतीत सेकंदावर मार्क जातात, तिथे मधात वाकून लेस बांधायला कोण थांबते.

ते वरचं रिकामं भोक मात्र वापर, ते टाच धरून ठेवायसाठीच दिलेलं असते. सहाव्या भोकातून बाहेर आलेली लेस आडवी न नेता त्याच बाजूच्या वरच्या भोकात बाहेरून आत घाल, म्हणजे तिथे छोटी वळी तयार होईल. दोन्ही बाजूंना तसं कर, मग डावी लेस उजव्या वळीतून आणि उजवी डाव्या वळीतून काढून ओढ, आणि मग बो. टाच बुटात सरकत नाही, बोटं पुढे आपटत नाहीत. याच्यात 10-15 सेंटीमीटर लेस जास्त खर्च होते, म्हणून तुझ्यासाठी 130 ची बरोबर, नाही भेटली तर 120 घेऊन बो थोडा छोटा बांध. चपटी लेस घे, गोल गुळगुळीत नायलॉनची गाठ सरकते. आणि नवी लेस ग्राउंडच्या दिवशी पहिल्यांदा घालू नको रे बापा, आधी आठवडाभर त्यावर धावून घे.

प्रश्न : इतकी भोकं म्हणजे इतके सेंटीमीटर, हा हिशोब येतो कुठून? काही सूत्र असेल तर मुलांना वर्गात करून दाखवता येईल.
— हायस्कूलचे गणित शिक्षक, ता. तिवसा, जि. अमरावती

उत्तर : आहे ना सर, आणि ते दहावीच्या भूमितीत बसून आहे, पायथागोरस.

बूट पायात असताना दोन मापं घ्या. एक, समोरासमोरच्या दोन भोकांमधलं आडवं अंतर, दुसरं, एकाच बाजूच्या खालच्या-वरच्या भोकांमधलं उभं अंतर. समजा आडवं 5 सेंटीमीटर आणि उभं 2. लेस तिरपी जाते म्हणजे ती झाली कर्ण, 25 अधिक 4 म्हणजे 29, त्याचं वर्गमूळ साधारण 5.4. भोकं 6 असली तर मधल्या जागा 5, प्रत्येक जागेत लेसच्या दोन तिरप्या रेघा, म्हणजे 10 रेघा, 54 सेंटीमीटर. सगळ्यात खाली एक आडवी पट्टी 5 ची, झाले 59. वर दोन्ही हातांसाठी 27 आणि 27. बेरीज 113. बाजारात 113 ची लेस मिळत नाही, 110 किंवा 120 मिळते, तर 120 घ्यायची, कारण लेसला जाडी असते, ती भोकातून आत-बाहेर होताना थोडी खाते.

एक भोक वाढवून बघा, दोन तिरप्या रेघा वाढल्या, 11 सेंटीमीटर. वरच्या उत्तरातले आकडे दर भोकामागे दहा ते वीसनं चढतात ते म्हणून. मुलांना एक गोष्ट मुद्दाम करायला लावा, एकदा रिकाम्या बुटाचं आडवं अंतर घ्यायचं आणि एकदा पाय घातलेल्या बुटाचं. पाय आत गेला की बुटाच्या पाकळ्या फाकतात आणि उत्तर बदलते. लेस खरेदी करताना बहुतेकांचं इथेच चुकते.

मुलं हुशार असतील तर विचारतील की सगळ्यात कमी लेसमध्ये बूट कसा ओवायचा. हा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाचे गणिती बुर्कार्ड पोल्स्टर यांनी सोडवलेला आहे, 2002 साली ‘नेचर’मध्ये छापून आला. सगळ्यात कमी लेस लागते फुलपाखरासारख्या ओवणीला, तिच्यात लेस एकदा तिरपी, एकदा सरळ उभी अशी जाते. आणि बूट सगळ्यात घट्ट ओढते आपली नेहमीची फुलीफुलीची ओवणी, नाहीतर आडव्या सरळ पट्ट्यांची. म्हणजे कोणी न शिकवता सगळं गाव जे बांधत आलं ते गणितानेही पास झालं.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या डाव्या पायाला हत्तीरोगाची सूज आहे. समोरून पूर्ण उघडणारा 5 भोकांचा बूट मोठ्या मापाचा घेतला, पण सोबत आलेली लेस डाव्या पायाला पुरत नाही, गाठ कशीबशी बसते आणि दुपारपर्यंत त्यांना काचते. उजव्याला तीच लेस बरोबर होते.
— एक मुलगी, ता. देसाईगंज, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, दोन्ही पायांना एकाच लांबीची लेस पाहिजे असा काही नियम नाही, पाकिटात जोडी येते म्हणून आपण तसं धरून चालतो.

वर शिक्षकांना सांगितलेला हिशोब इथे लावू. उजव्या पायाला आडवं अंतर 5 धरलं तर 5 भोकांसाठी 8 तिरप्या रेघा, 43, खालची पट्टी 5, वर 54, म्हणजे 102. डाव्या पायाला सुजेमुळे पाकळ्या फाकून हेच अंतर 8 झालं असं समजा. कर्ण होते 8.2, आठ रेघा 66, पट्टी 8, वर 54, बेरीज 128. भोकं तितकीच, बूट तोच, फक्त 3 सेंटीमीटर जास्त फाकला तर लेस 26 सेंटीमीटर जास्त लागली. तुम्ही स्वतः मोजा, पण मोजा संध्याकाळी, कारण दिवसभर पाय खाली राहिला की सूज चढलेली असते आणि सकाळच्या मापानं घेतलेली लेस दुपारी काचणारच. मग डाव्यासाठी 140 ची जोडी घ्या आणि उजव्याला जुनीच राहू द्या. उरलेली एक लेस सांभाळून ठेवा, तुटली की कामात येते.

मोजायला काही नसेल तर पायजम्याची नाडी किंवा कोणतीही बारीक दोरी भोकांतून ओवा, पायात बूट असताना सैलसर बो बांधा, जिथे पुरे वाटते तिथे पेनानं खूण करा आणि काढून टेलरच्या टेपनं मोजा. सूत्रापेक्षा हे सोपं आहे.

चपटी, रुंद, मऊ लेस घ्या, बारीक गोल लेस सुजलेल्या पायावर रुतते. घालताना लेस खालच्या भोकापर्यंत ढिली करून बूट पूर्ण उघडा, पाय कोंबू नका, आणि आवळताना बोटापासून वर हळूहळू आवळत या. पाय रोज साबणानं धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या हे आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं सांगितलं असेलच. बूट काढल्यावर कुठे लाल वळ, फोड, चीर दिसली तर तो बूट लेस बदलून चालणार नाही, डॉक्टरला दाखवा.

प्रश्न : बुटीबोरीले कंपनीत आहो, सेफ्टी बूट, 6 भोकं. लेस तुटली तर दुकानात 150 चीच होती. आता लय लोंबते म्हणून घोट्याभोवती दोन वेढे मारून बांधतो. कापली तर चालते का? सुट्टीत गावी सोयाबीन काढायले हडंब्यावरही (मळणी यंत्रावर) हेच बूट घालतो.
— एक कामगार

उत्तर : कापा, आणि हडंब्यापुढे उभे राहायच्या आधी कापा. पट्टा फिरत असताना पायाजवळ लोंबणारं काहीच नको, ना लेस, ना दुपट्टा, ना पायजम्याची नाडी. घोट्याला वेढे मारणंही बरं नाही, वाकताना लेस समोरच्या शिरेवर दाबते आणि पाय दुखते.

तुम्हाले 120 पुरते, म्हणजे 30 सेंटीमीटर जास्त आहे. लोक दोन्ही टोकांकडून 15-15 कापतात, कशाला? एकाच टोकाकडून पूर्ण 30 कापायचे, म्हणजे दुसरं कंपनीचं टोक शाबूत राहते आणि तुम्हाला एकच टोक बनवावं लागते. कापल्यावर लेस काढून पुन्हा मधोमध करून ओवायची, एवढं विसरू नका. जिथे कापायचं तिथे आधी सेलोटेपचे दोन घट्ट वेढे मारा आणि मग टेपच्या मधातून कैचीनं कापा, धागे फुटत नाहीत.

टोक पक्कं करायचं तर आधी कापलेल्या निरुपयोगी तुकड्याला उदबत्तीचा नाही, माचिसचा जाळ दाखवून बघा. वितळून मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन, मग लेसचं टोक मेणबत्तीच्या कडेला क्षणभर धरायचं आणि ओल्या फडक्यात दाबून गोल करायचं, उघड्या बोटांनी नाही, वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटते. तुकडा कागदासारखा जळून राख झाला तर ती सुती आहे, तिला जाळ लावू नका, टोक फेविकॉलमध्ये बुडवून पीळ देऊन रात्रभर वाळवा, घरात नेलपॉलिश असेल तर तेही चालते. इलेक्ट्रिशियनकडे वायरवर चढवायची आकसणारी बारीक नळी मिळते, तिचा बोटभर तुकडा चढवून गरम केला तर टोक दुकानातल्यासारखं होते. सुती लेस पहिल्या धुण्यात थोडी आखडते, म्हणून ती आधी धुवा, वाळवा, मग कापा.

तुम्ही विचारलं नाही पण सांगतो, सोयाबीनच्या वावरातून आलं की चपट्या सुती लेसमध्ये कुसळं आणि गोखरू अडकून बसतात, गोल लेसला कमी चिकटतात. पण गोल लेस सुटते लवकर. दोन्हीपैकी एक त्रास निवडा. आणि उभ्या पिकात शिरायचं असेल तर सेफ्टी बुटापेक्षा गमबूट बरा, सापाचा भरवसा नाही आणि लेसचा प्रश्नच मिटते.

प्रश्न : मी नववीत आहे. बुटाला 5 भोकं आणि बाबांनी चुकून 75 ची लेस आणली. बो बसतच नाही. बाजार पुढच्या आठवड्यात आहे आणि मला रोज सायकलनं शाळेत जायचं असते. काय करू?
— एक विद्यार्थिनी, ता. लोणार, जि. बुलढाणा

उत्तर : बेटा, आठवडाभर फुलपाखराची ओवणी कर, वर गणिताच्या उत्तरात जिचं नाव आलं ती. लेस सगळ्यात खालच्या दोन भोकांतून आतून बाहेर काढ. दोन्ही टोकांची फुली करून दुसऱ्या भोकात बाहेरून आत घाल. आता फुली करायची नाही, आतल्या आतच सरळ वर नेऊन तिसऱ्या भोकातून बाहेर काढ. पुन्हा फुली, चौथ्या भोकात आत, आतून सरळ वर, पाचव्यातून बाहेर. झालं. गणिताच्या उत्तरातलीच मापं धरली तर नेहमीच्या फुलीफुलीला ओवायलाच 48 सेंटीमीटर जातात आणि प्रत्येक हातात तेरा-साडेतेरा उरतात, याला जातात 35, म्हणजे हातात 20 उरतात. तुझ्या हाताला छोटा बो आरामात बसेल. बूट थोडा सैल वाटेल, पी.टी.च्या तासाला जपून धाव.

काही मुली सगळ्यात वरचं भोक सोडून देतात, त्यानंही जवळपास तेवढीच लेस वाचते पण टाच बुटातून निघते आणि पॅडल मारताना बूट सटकते, म्हणून ते नको. उजव्या पायाचा बो बांधल्यावर त्याचे कान फुलीच्या खाली खोचून दे, सायकलची चेन उजवीकडेच असते. बाजाराच्या दिवशी बाबांना 100 ची आणायला सांग, किंवा 36 इंचाची दिसली तर तीही चालेल, आणि ही 75 ची घरात कोणाच्या 4 भोकांच्या बुटाला होते का बघ.